दुखरी नडगी आणि अर्धे ताट

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून बँकेत नोकरीला आहे. गेल्या वर्षीच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातील साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आले, तेव्हापासून पोळी, भात, साखर, बटाटा सगळे बंद केले. सात महिन्यांत वजन ८४ वरून ७१ किलोवर आले आणि एचबीए१सी ५.५ झाले. त्या उत्साहात धावायला लागलो. आता आठवड्याला सुमारे ४५ किलोमीटर होतात आणि हिवाळ्यात अर्धमॅरेथॉन धावण्याचा विचार आहे. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर दुखू लागले. आधी धावून झाल्यावर दुखे, मग धावताना, आणि आता जिना उतरतानाही जाणवते. दुखणारी जागा रुपयाच्या नाण्याएवढी आहे. चौथ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, म्हणून स्नायूचे दुखणे समजून पट्टी बांधून धावतो आहे. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो की कर्बोदके सोडल्यानेच हे झाले. दुसरा म्हणतो की शरीराला चरबीवर चालायची सवय झाली की सगळे ठीक होते. धावणे थांबवले तर सात महिन्यांची कमाई जाईल अशी भीती वाटते. रोजचा आहार असा : पहाटे तूप घातलेली कॉफी, अकरा वाजता दोन अंड्यांचे ऑम्लेट, दुपारी दोन भाज्या, काकडी आणि ताक, संध्याकाळी मूठभर बदाम, रात्री शंभर ग्रॅम पनीर आणि भाजी.
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पट्टी बांधून धावणे आजच बंद करा. बाकीचे उत्तर सावकाश वाचले तरी चालेल.

नडगीच्या आतल्या कडेचे दुखणे साधारणपणे दोन प्रकारचे असते. एका प्रकारात हाडाच्या कडेने चार-सहा बोटे लांबीचा पट्टा हुळहुळतो, धावायला सुरुवात केली की दुखतो आणि अंग तापले की कमी होतो. धावणारी मंडळी त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दुखणे एकाच जागी ठाण मांडून बसते, धावण्याबरोबर वाढत जाते, पुढे चालताना आणि शेवटी रात्री अंथरुणातही जाणवते. तुम्ही केलेले वर्णन, विशेषतः ते नाणे आणि तो जिना, या दुसऱ्या प्रकाराशी जुळते. ही हाडावरील ताणाची दुखापत असते आणि ती तशीच रेटली तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, होते. एक्स-रे निर्दोष आला यावर विसंबून राहू नका, कारण अशा दुखापतीत पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. हाड भरून येऊ लागते तेव्हा कुठे त्याची खूण उमटते. अस्थिरोगतज्ज्ञांना दुखणारी जागा बोटाने दाखवा आणि एमआरआयची गरज आहे का ते विचारा. दुखणे नडगीच्या आतल्या कडेला असेल तर ते सहसा नीट भरून येते. तेच नडगीच्या पुढच्या धारेवर किंवा जांघेत असते, तर मी तुम्हाला पत्र न लिहिता फोन करायला सांगितले असते, कारण मांडीच्या हाडाच्या मानेत तडा गेला तर कधी कधी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याचा मोह टाळा. हाडाच्या बाबतीत वेदना हीच एकमेव खबर असते आणि गोळी ती खबरच दाबून टाकते.

आता तुमच्या दोन मित्रांविषयी. माझ्या मते दोघांचेही चुकते, पण पहिल्याचे कमी चुकते. तुम्ही आहार लिहून पाठवला हे फार बरे केले, कारण खरे उत्तर त्यातच आहे. मी तो दोनदा मोजला; हात सैल सोडून मोजला तरी दिवसाला तेराशेच्या वर कॅलरी होत नाहीत. धावण्याला दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी लागते. आठवड्याचे ४५ किलोमीटर म्हणजे तुमच्या वजनाला दिवसाला सरासरी साडेचारशे. राहिल्या साडेआठशे. शरीरातील चरबी वजा जाता तुमचे वजन अंदाजे ५७ किलो धरले, तर हृदय, मेंदू, यकृत, हाडे, संप्रेरके या सगळ्यांच्या खर्चाला किलोमागे पंधरा कॅलरी उरतात. हा आकडा तीसच्या खाली दीर्घकाळ राहिला तर शरीर काटकसर सुरू करते, असे क्रीडावैद्यकात मानले जाते. ही सीमा मुख्यतः स्त्रियांवरील अभ्यासांतून आली आहे आणि पुरुषांत ती थोडी खाली असू शकते, तरीही पंधरा म्हणजे निम्माच शिधा झाला. शरीर काटकसर करते तेव्हा नवे हाड बांधण्याचे काम पहिल्यांदा पुढे ढकलते. धावताना हाडात रोज बारीक झीज होते आणि रोज ती भरली जाते. तुमच्याकडे झीज चालू राहिली आणि भरणा थांबला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला रेड-एस (खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता) असे नाव दिले. ती फक्त स्त्री खेळाडूंची तक्रार नाही, पुरुषांतही होते, हे तेव्हा प्रथम ठळकपणे मांडले गेले.

म्हणजे मुळात दोष कर्बोदके कमी करण्याचा नाही, एकूणच कमी खाण्याचा आहे. पण आपल्याकडच्या शाकाहारी किंवा अंड्यापुरत्या मांसाहारी घरात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे फार अवघड जाते. सहा फुलके म्हणजे सुमारे १८० ग्रॅम कणीक, आणि त्यात जवळजवळ वीस ग्रॅम प्रथिने असतात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. फुलका गेला की वरणही जाते, कारण वरण नुसते कोण पिणार? उसळ जाते, कारण तिच्यातही कर्बोदके आहेत. सामिष आहार घेणाऱ्याने भात सोडला तर त्याच्या ताटात मासळी किंवा कोंबडी उरते; आपल्या ताटात दोडक्याची भाजी उरते. तुमच्या दिवसभराच्या जेवणात प्रथिने जेमतेम ४५ ग्रॅम आहेत, आणि दुखापत भरून येण्यासाठी तुमच्या वजनाला ती ११० ग्रॅमच्या आसपास हवीत.

दुसऱ्या मित्राच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. कर्बोदके दीर्घकाळ कमी ठेवली की स्नायू चरबी जाळायला खरोखरच शिकतात. २०१६ साली अमेरिकेत वीस अतिदीर्घ पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या अभ्यासात लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदके खाणाऱ्या, गटातील धावपटू मिनिटाला दीड ग्रॅमपर्यंत चरबी जाळत होते, तर नेहमीचा आहार घेणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु तेवढ्याच प्राणवायूत चरबीपासून मिळणारी ऊर्जा कर्बोदकांपेक्षा काही टक्क्यांनी कमी असते, आणि वेग वाढला की हा फरक बोचू लागतो. ऑस्ट्रेलियातील क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन आठवड्यांच्या कडक सरावानंतर भरपूर कर्बोदके घेणारे दहा किलोमीटरमध्ये सुमारे साडेसहा टक्क्यांनी सुधारले. लो-कार्ब गट चरबी विक्रमी जाळत होता, पण वेळ मात्र सुधारली नाही. तशाच शर्यतपटूंच्या रक्तात पुढे हाडाची झीज दाखवणारी द्रव्ये वाढलेली आणि हाड बांधणारी घटलेली आढळली. थोडक्यात, रोज तासभर संथ धावायचे असेल तर लो-कार्बने अडत नाही. दोन तासांच्या आत अर्धमॅरेथॉन धावायची असेल तर अडते, आणि हाड भरून काढायचे असेल तर अधिकच अडते.

येथे माझाही एक कबुलीजबाब देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी मीही पोळी सोडली होती. रविवारी पहाटे रालामंडलच्या बाजूला धावून आल्यावर आमचा घोळका राजवाड्याजवळ पोहे-जिलबीला बसे, आणि मी काळी कॉफी घेऊन समोर बसून इतरांच्या बश्यांकडे सहानुभूतीने पाहत असे. चौथ्या महिन्यात टाचेमागची शीर धरली. मी बुटांना दोष दिला, एकापाठोपाठ एक दोन जोड बदलले, तिसरा घ्यायला निघालो तेव्हा पत्नी म्हणाली, "तुम्ही जेवत नाही, हे दुकानदाराला सांगितलं का?" आहारावर व्याख्याने देणाऱ्या माणसाला हे घरून ऐकावे लागले.

पुढील दोन महिने तुम्ही काय खावे, हे ठोस सांगतो. सकाळी बशीभर पोहे, त्यात शेंगदाणे सढळ हाताने, सोबत दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध. इंदूरचे पोहे आहेत म्हणून वर मूठभर शेव घालायलाच हवी असे नाही, पण चिमूटभर घातली तर मी रागावणार नाही. दुपारी तीन फुलके, चमच्यावर उभे राहील असे घट्ट वरण, भाजी आणि वाटीभर दही. संध्याकाळी फुटाणे आणि दूध. रात्री दोन फुलके, शंभर ग्रॅम पनीर आणि मूठभर सोयावडी घातलेली रस्साभाजी. यात प्रथिने शंभर ते एकशेदहा ग्रॅम आणि कर्बोदके दोनशेच्या थोडी वर होतात. प्रथिने एकाच जेवणात न कोंबता चार वेळांना विभागली जातात, हेही महत्त्वाचे. दूध-दह्यामुळे कॅल्शियम जवळपास भागते, उरलेले तीळ आणि नाचणी भरून काढतील. ड जीवनसत्त्वाची तपासणी जरूर करून घ्या. मात्र गोळ्या तपासणीनंतर आणि डॉक्टरांच्या प्रमाणात घ्या, शेजाऱ्याच्या प्रमाणात नको.

वजन काट्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वाढेल, आणि तेव्हा घाबरून पुन्हा पोळी सोडू नका. स्नायू आणि यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या (कर्बोदकांच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. लो-कार्ब सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे वजन झपाट्याने उतरले आणि ज्याने तुम्हाला भुरळ घातली, ते बरेचसे हेच पाणी होते. तेच आता परत येते आहे. साखरेची तुमची भीती मात्र रास्त आहे, आणि ६.१ वरून ५.५ पर्यंत येणे ही लहान गोष्ट नाही. म्हणून जेवणात आधी भाजी आणि वरण, मग फुलका असा क्रम ठेवा, गोड व मैदा बंदच राहू द्या आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासा. चालताना दुखत नाही असे झाले की जेवणानंतर दहा मिनिटे फिरा. तोवर बसल्याबसल्या टाचा उचलत राहिलात तरी पोटरीचे स्नायू थोडी साखर वापरतात. हाड बरे झाल्यावर कर्बोदके दिवसाला १३० ते १५० ग्रॅमवर आणायला माझी हरकत नाही, फक्त लांब धावण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी हात आखडू नका.

कमाई जाण्याविषयी : पूर्ण विश्रांती घेतली तर दमसासाची क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे सात टक्के घटते, आणि त्यातला मोठा वाटा रक्तातील द्रव कमी होण्याचा असल्याने ती लवकर भरूनही येते. तुम्हाला पूर्ण विश्रांती घ्यायचीही नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की तरणतलावात कमरेला पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता धावा. ते दिसते विनोदी, पण हृदयाला फरक कळत नाही. जागच्या जागी चालवायची सायकलही चालेल, अट एकच, की नडगीला काहीही जाणवता कामा नये. अशी दुखापत साधारणपणे सहा ते आठ आठवडे घेते, कधी अधिकही. अर्धा तास भराभर चालून सलग आठवडाभर दुखले नाही, म्हणजे एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे सहा वेळा, तेही एक दिवसाआड, अशी सुरुवात करा. या हिवाळ्यातील अर्धमॅरेथॉनचा विचार सोडून द्या, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची कल्पना आहे.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन अशी औषधे चालू आहेत. रविवारी ते मित्रांबरोबर सायकलने उज्जैनला जाऊन येतात. महिन्याभरापासून मोबाईलवरील व्हिडिओ पाहून त्यांनी पोळी-भात पूर्ण बंद केला आहे. मागच्या रविवारी परतताना सांवेरच्या पुढे त्यांना भोवळ आली, ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. पुढच्या आठवड्यात प्लेट बसवायची आहे. आता हाड लवकर जुळावे म्हणून हा आहार चालू ठेवावा का?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : वहिनी, आहाराचा प्रश्न बाजूला ठेवा आणि हा अंक हातात असतानाच त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा. दोन औषधे या आहाराशी जुळत नाहीत आणि दोघांचे धोके वेगवेगळे आहेत.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात पोळी असो वा नसो. उज्जैन जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर होते. इतके अंतर, पोटात कर्बोदके नाहीत आणि वर ही गोळी, म्हणजे भोवळ साखर उतरल्यामुळे आली असण्याची शक्यता बरीच आहे. दुसरे औषध अधिक फसवे आहे. डॅपाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात जेवणातूनही साखर येईनाशी झाली की इन्सुलिन खूप खाली जाते आणि चरबी जळताना तयार होणारी कीटोन द्रव्ये रक्तात साठून रक्त आम्ल होऊ शकते. यात फसवणूक अशी, की ग्लुकोमीटरवर साखर दीडशे-दोनशेच दिसते आणि घरचे निश्चिंत राहतात. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, धाप लागणे, अतिशय गळून जाणे यांपैकी काही दिसले तर साखर किती आहे याची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि तेथे पोचताच औषधाचे नाव सांगून कीटोन तपासायला सांगा. भारतात २०२० साली या औषधाचे पेटंट संपले, किंमत उतरली आणि ते घरोघरी पोचले. ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त त्याबरोबरची ही सूचना तितकी पोचली नाही.

शस्त्रक्रियेआधी हे औषध साधारणपणे किमान तीन दिवस बंद ठेवतात. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर अशा तिघांनाही ते चालू असल्याचे स्वतःहून सांगा, एकाने दुसऱ्याला सांगितले असेल असे समजू नका. मात्र ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. कधी बंद करायचे आणि कधी सुरू करायचे हे डॉक्टरच ठरवतील. आहाराविषयी एवढेच, की हाड जुळायला साखर आटोक्यात हवी आणि पोटही भरलेले हवे. दर जेवणाला दोन फुलके, वरण, दही आणि सोबत पनीर किंवा अंडे असे ठेवा. पुढे कधी त्यांना कर्बोदके कमी करायचीच असतील तर आधी औषधांच्या मात्रा कमी होतील, मग पोळ्या, याच क्रमाने. हा क्रम व्हिडिओत कुणी सांगत नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. वर्षभरापासून धावते आणि लो-कार्ब आहार घेते. वेळ सुधारते आहे, सगळे कौतुक करतात. चार महिन्यांपासून पाळी आलेली नाही. कोच म्हणतात की भरपूर सराव करणाऱ्या मुलींमध्ये हे चालते. आता उजव्या पाऊलाच्या वरच्या बाजूला दुखते.
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : हे चालत नाही. सरावाने पाळी थांबणे हे तंदुरुस्तीचे लक्षण नसून शरीराला अन्न पुरत नसल्याची तक्रार आहे. पहिल्या पत्राच्या उत्तरात जो हिशेब मांडला आहे तोच तुम्हालाही लागू आहे, आणि तीसचा तो आकडा तर तुमच्यासारख्या तरुणींवरील अभ्यासांतूनच आला आहे. फरक एवढा, की तुमच्या वयात हाडांची ठेव अजून जमा होत असते. आता इस्ट्रोजेन कमी राहिले तर जे जमले नाही ते पुढे पुरते भरून येत नाही. पाऊलावरचे दुखणे एका बोटाने दाखवता येत असेल तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही याच आठवड्यात जा. त्या प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री करतील, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर तपासण्या सांगतील, कारण पाळी थांबण्याची दुसरीही कारणे असतात. त्यांना कोचचे मत सांगू नका, तुम्ही दिवसभरात काय खाता ते सांगा, खरे तेवढेच. पाळी यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या गेल्या तर त्या कशासाठी आहेत हे विचारा. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण मूळ कमतरता तशीच राहते आणि वर ती दिसेनाशी होते. जेवण वाढवल्यावर पाळी परतायला कधी कधी सहा महिने किंवा त्याहून अधिक लागतात. शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा, गेल्या वर्षभरातील वजन आणि आठवड्याला किती किलोमीटर धावता, हे एका कागदावर लिहून बरोबर न्या. आणि एकटे जायला संकोच वाटत असेल तर आईला सोबत घ्या.